भिंतीवर तार नको!

मित्रांनो, मी एक जुना मेन स्विच आहे. लोखंडी पेटी, उजव्या अंगाला दांडा आणि पोटात चिनीमातीचा फ्यूज. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की हळव्या होतात, असा तुमचा अनुभव असेल. मी तसला नाही. डोळ्यांतून पाणी काढायची सोय आमच्या जातीत नाही. आम्हाला पाणी लागलं तर घरभर बोंब होते. मला राग येतो आणि तो मी पोटात साठवतो. एका माणसावर मी असा सूड उगवला, की आजही आठवलं तरी मला बरं वाटतं. ऐका तर.

माझा जन्म एका मोठ्या शेडमध्ये झाला. पत्रा कापला, वाकवला, करडा रंग दिला, आत पितळी जबडे बसवले. शेवटी तपासणीला जाड चष्म्याच्या एक बाई होत्या. त्या प्रत्येकाचा दांडा वर-खाली करून कान देऊन ऐकायच्या. माझा दांडा त्यांनी पाडला, तशी ‘खट्ट!’ म्हणून मी अशी काही आरोळी ठोकली की बाई दचकल्या. शेजारणीला म्हणाल्या, “हा बघ गं, कसा ठणठणीत बोलतो. हा काही कुणाचं ऐकून घ्यायचा नाही.” माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. ती मी अजून जपून ठेवली आहे.

माझं काम काय, तेही सांगतो. घरात येणारी सगळी वीज माझ्या पोटातून जाते. तिथे फ्यूजमध्ये एक बारीक तार असते. घराला झेपेल तेवढीच वीज ती जाऊ देते. कुणी जास्त ओढली, की ती तार वितळते आणि घर बंद पडतं. मग लोक कपाळाला हात लावून म्हणतात, “मेला फ्यूज उडाला!” अहो, तो उडाला म्हणून तुम्ही वाचलात! स्वतः जळायचं आणि घर जळू द्यायचं नाही, हा माझा धर्म. अंथरूण पाहून पाय पसरावे, एवढंच मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. फक्त माझी सांगायची रीत जरा कडक आहे.

माझी नेमणूक एका बैठ्या घरात झाली. पुढच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला, चपलांच्या कपाटाच्या वर. तिथून समोर दिवाणखाना आणि त्यापलीकडचा मागचा व्हरांडा दिसायचा, आणि दार उघडं असलं की फाटकापर्यंत नजर पोचायची. घर एका बहीण-भावाने मिळून बांधलं होतं. भावाने संसार थाटला, बहीण एकटीच राहिली. भावाची मुलं तिला आत्या म्हणायची, मग गल्लीही आत्या म्हणायला लागली. मीही तेच म्हणतो.

आत्या बटणं करायची. मातीची बटणं! तळहातावर गोळी दाबून कधी मासा, कधी पान, कधी अर्धा चंद्र. मग त्यावर झिलई चढवायची आणि मागच्या व्हरांड्यातल्या विजेच्या भट्टीत भाजायची. एका दुकानवालीला तिची बटणं इतकी आवडायची, की ती स्वतः येऊन डबे घेऊन जायची. त्या भट्टीसाठी माझ्यापासून मागच्या व्हरांड्यापर्यंत जमिनीखालून खास जाड केबल टाकली होती. भट्टी आली तेव्हा भाऊ घाबरला होता. “हा मेन स्विच पेलेल का गं?” आत्या म्हणाली, “पेलेल. मी बाकी सगळं बंद करीन आणि मगच भट्टी लावीन.” आणि तिने ते पाळलं, एकदाही न चुकता. सकाळी सगळे कामाला गेले की ती गीझर बंद, इस्त्री बंद असं घरभर बघून यायची, माझ्या झाकणावर टिचकी मारायची, “चल रे, लावते आता,” म्हणायची आणि मग भट्टी लावायची. भट्टी एकदा लागली की मध्ये थांबवून चालत नाही, झिलई फसते. म्हणून मीही जीव लावून उभा राहायचो. दर आठवड्याला कोरड्या फडक्याने ती माझी धूळ पुसायची. अशी माणसं आता राहिली नाहीत.

पुढे भाऊ गेला, भावजय गेली, आणि घराचा कारभार पुतण्याकडे आला. आत्याच्या मांडीवर वाढलेला हा. मी त्याला पुतणेराव म्हणतो. त्याचं खरं नाव तोंडात घ्यायची माझी इच्छा नाही.

पुतणेरावांनी विजेवर चालणारी गाडी घेतली. बाकी मी गाडीला दोष देणार नाही. गाडी बिचारी गरीब, जेवढी वीज द्याल तेवढी घेते. तिला घरीच चार्ज करायचं म्हणून मागच्या भिंतीवर चार्जर लावायचं ठरलं. वायरमन आला. काम भराभर उरकायचा, म्हणून सगळे त्याला झटपट म्हणायचे. त्याने माझं झाकण उघडून आत डोकावलं.

“साहेब, मेन स्विच जुना आहे, पण ठीक आहे,” तो म्हणाला. “मागे भट्टीसाठी केबल आहेच, चार्जरला तिथूनच वीज देतो. फक्त ही एक तार टाकावी लागेल.” त्याने चार्जरच्या खोक्यातून एक भेंडोळं काढलं. तारेच्या टोकाला एक कडं होतं. “हे कडं मेनच्या वायरीभोवती बसतं. घरात किती वीज चाललीये ते त्याला कळतं, आणि या तारेतून ते चार्जरला कळवतं. तुम्ही ओव्हन लावा, गीझर लावा, चार्जर आपोआप हात आखडता घेतो. घर आणि गाडी गुण्यागोविंदानं नांदतात.”

“कुठून नेणार ही तार?” पुतणेरावांनी विचारलं.

“जमिनीखालचा पाइप गच्च भरलाय. दिवाणखान्याच्या भिंतीवरून न्यावी लागेल, खालच्या कडेनं. करंगळीएवढीसुद्धा जाड नाही.”

“या भिंतीवरून?” सूनबाई आतून धावतच आल्या. सूनबाई म्हणजे पुतणेरावांची बायको. त्या भिंतीला नुकताच मोठ्या हिरव्या पानांचा भारी कागद लावला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हात न लावता बघावा लागायचा. “अहो, आत्ताच तर कागद लावलाय! त्यावर खिळे ठोकणार? छे, छे. भिंतीवर तार नको.”

“भिंतीवर तार नको,” पुतणेरावांनी री ओढली.

“मग चार्जर कमी करंटवर बांधून देतो,” झटपट म्हणाला. “गाडी सावकाश भरेल, पण घरावर भार येणार नाही.”

“एवढी गाडी घेतली ती काय सावकाश भरायला? फुल ठेव रे!”

झटपटने कान खाजवला. काय होणार ते त्याला कळत होतं, माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं. पण त्याला पुढच्या कामाची घाई होती. “साहेब म्हणतील तसं. फक्त गाडी लावली की घरातलं बाकीचं बंद ठेवा. कुणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे.”

“त्यात काय,” पुतणेराव म्हणाले, “आत्या आहे ना घरात!”

ते भेंडोळं परत खोक्यात गेलं आणि खोकं माळ्यावर गेलं. मित्रांनो, कळलं का तुम्हाला काय झालं ते? जे काम एका तारेचं, ते म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्यांवर टाकलं. मी तिथल्या तिथे ठरवलं, की याचं उट्टं काढल्याशिवाय राहायचं नाही.

त्या दिवसापासून घरात नवीन नाटक सुरू झालं. पुतणेराव संध्याकाळी आले की गाडी लावायचे आणि मागूनच ओरडायचे, “आत्या, गाडी लावली गं!” की आत्या हातातली माती पुसून उठलीच. स्वयंपाकघरात जाऊन ओव्हन बघ, इस्त्री बघ, झोपायच्या खोलीतला एसी बघ. मग न्हाणीघराच्या दारावर थाप. “अरे, गीझर बंद कर, गाडी लागलीये.”

आतून पुतणेराव स्वतःच ओरडायचे, “दोन मिनिटं गं आत्या! अंगाला साबण लागलाय!”

“मग गाडी काढ.”

“अगं, गाडी कशी काढू? साबण लागलाय म्हटलं ना!”

वर सूनबाईंचा ओव्हन. “आत्या, एवढं भाजून होऊ द्या हं, मग लगेच बंद करते.” आत्या बिचारी कुणाला काय बोलणार? सगळ्यांचं लगेच, सगळ्यांची दोन मिनिटं, आणि तिकडे चार्जर फुल ओढतोय. त्याला कोण सांगणार की बाबा, घरात बाकीचीही माणसं आहेत? सांगणारी तार माळ्यावर पडली होती.

मग मी माझी रीत दाखवली. तार वितळली, फट् झालं, घर बंद. पहिल्यांदा पुतणेराव साबणात होते. थंड पाण्याने अंग धुताना त्यांनी ज्या किंकाळ्या मारल्या, त्या ऐकून मला गुदगुल्या झाल्या. दुसऱ्यांदा ते कॉम्प्युटरसमोर टाय लावून वरिष्ठांशी बोलत होते, खाली मात्र घरातली चड्डी. वाक्याच्या मधोमध त्यांचं तोंड पडद्यावरून गायब! मी म्हटलं, घे. अजून घे.

पण माझा नेम चुकत होता, मित्रांनो. मी मारायचो पुतणेरावांना आणि लागायचं आत्याला. फ्यूज उडाला रे उडाला, की आधी तिच्या नावाने हाक. “आत्या, एवढं एक काम सांगितलं होतं! लक्ष कुठे असतं तुझं?” सूनबाई वर हळूच म्हणायच्या, “वय झालंय हो त्यांचं.” एके दिवशी गुडघा चोळत ती कपाटापाशी खुर्ची घेऊन बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “काय करू रे मी? चार ठिकाणी एकदम कशी पोचू?” माझ्या अंगाची लाही लाही झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी.

तेवढ्यात दुकानवालीने मोठं काम आणलं. एका नाटक मंडळीच्या कोटांना बटणं हवी होती, सगळी निळी, प्रत्येकावर एक जहाज. आत्या खुलली. किती तरी दिवस तिने जहाजं कोरली. सुट्टीचा दिवस होता, पण पुतणेराव सकाळीच गाडी घेऊन बाहेर गेले होते, म्हणून तिने सगळं बंद केलं आणि भट्टी लावली. भट्टी चांगली रसरसली. झिलई वितळायच्या बेतात आली.

आणि पुतणेराव परत आले. मागच्या बाजूला गाडी उभी केली, भट्टीच्या शेजारून गेले, भट्टीवरचा लाल दिवा त्यांना दिसला असणारच, आणि त्यांनी प्लग गाडीला लावला. ओरडलेही नाहीत. फोनवर बोलत बोलत आत आले.

मी काय करणार? माझ्या तारेला माणसं ओळखता येत नाहीत. भट्टी कुणाची, गाडी कुणाची, तिला काय कळणार? मी दात आवळून जमेल तेवढं सोसलं, आणि मग तार वितळली.

संध्याकाळी भट्टी निवल्यावर आत्याने दार उघडलं. सगळ्या जहाजांवर फोड आले होते. निळा रंग कुठे काळा, कुठे पांढरा. तिने एक बटण उचललं, हातात फिरवलं आणि परत ठेवलं. पुतणेराव मागे उभे होते. माणसाने निदान चुकलं म्हणावं! ते म्हणाले, “बघ, मी सांगत होतो. ही भट्टीच सगळ्याच्या मुळाशी आहे. हिनेच मेन स्विच खाल्लाय.”

“अरे, मी सकाळी लावते तेव्हा गाडी ऑफिसात असते,” आत्या म्हणाली. “संध्याकाळी फ्यूज उडतो तेव्हा भट्टी बंद असते.”

“तेच तर! तू सकाळी सगळं तापवून ठेवतेस आणि संध्याकाळी ते आमच्या बोकांडी बसतं.”

काय अक्कल! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

“मला हे काम पुरं करून द्यायचंय,” आत्या म्हणाली. “दुकानवाली थांबेल थोडे दिवस. पुन्हा करते मी सगळी.”

“पुरे झालं आता तुझं ते बटणबिटण. या वयात कशाला हवंय? येत्या रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. भट्टी जाईल, जागा मोकळी होईल, गाडीही नीट लागेल.”

आत्याचा चेहरा मी पाहिला. ती रडली नाही. पण या घरात तिने त्या भट्टीची कमाई ओतली होती, हे मला माहीत होतं, भिंतींना माहीत होतं. फक्त पुतणेरावांना माहीत नव्हतं, किंवा सोयीने विसरायला झालं होतं. भट्टी गेली की आत्याजवळ तिचं म्हणावं असं काय राहणार होतं? नुसतं दुसऱ्यांचे स्विच बंद करत फिरणं.

त्याच संध्याकाळी पुतणेरावांनी दुसरा पराक्रम केला. माझा फ्यूज उपसून काढला, त्यातली बारीक तार फेकून दिली आणि तिथे तांब्याची जाड वायर पिळून पिळून घातली. “आता बघतो कशी उडते!” म्हणाले. मित्रांनो, राखणीच्या कुत्र्याचं तोंड बांधावं आणि वर त्यालाच दारात बसवावं, तसं झालं. आता कितीही वीज ओढा, मला जळून मोकळं होता येणार नव्हतं. नुसतं तापायचं. माझे पितळी जबडे काळे पडायला लागले, झाकण हात लावला तर चटका देईल इतकं गरम व्हायला लागलं. आत्याने एकदा हात लावून पाहिला आणि पुतणेरावांना सांगितलं. ते म्हणाले, “भट्टी गेली की सगळं थंड होईल.”

मी मनात म्हटलं, थांब बेट्या. तू माझं तोंड बांधलंस. पण बांधलेलं तोंड एक दिवस सुटतं, आणि तेव्हा गल्ली जमलेली असते. मला घाई नव्हती. फक्त त्याला चार लोकांत गाठायचं होतं.

रविवार उजाडला. पुतणेरावांनी त्याच दिवशी त्यांच्या मोठ्या साहेबांना आणि ऑफिसातल्या चार-पाच जणांना घरी बोलावलं होतं. ऑफिसच्या आवारात असे चार्जर बसवायचे होते आणि ते सगळं काम आपल्या हाताखाली यावं, म्हणून पुतणेरावांची ही खटपट. सकाळपासून घरात धांदल. सूनबाईंचा ओव्हन चालू, दिवाणखान्याचा एसी चालू, झोपायच्या खोलीचाही चालू, कारण पाहुण्यांच्या पिशव्या तिथे. गीझर तर सकाळपासून बंदच केला नव्हता. आत्या आज कुणालाच काही सांगत नव्हती. भंगारवाला फाटकाशी हातगाडी घेऊन आला होता, आणि त्याने व त्याच्या जोडीदाराने भट्टी उचलून बाहेर नेली होती. आत्या तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेली. तिथे ती भट्टीच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिली.

आत पुतणेराव रंगात आले होते. मोठ्या साहेबांना मागे नेऊन त्यांनी गाडी लावून दाखवली, मग दिवाणखान्यात आणून हात फिरवला.

“बघा सर, फुल चार्जिंग चाललंय. आणि घरात कुठे एक तार दिसतेय का? लोक नुसता पसारा करून ठेवतात. मी वायरमनला बजावलं, भिंतीवर तार नको!”

हात दाखवून अवलक्षण! मी म्हटलं, हीच ती वेळ. चार्जर फुल, ओव्हन फुल, दोन एसी, गीझर, आणि सगळं माझ्या काळ्या पडलेल्या जबड्यांतून. इतके दिवस मी सोसत होतो, चिकटून बसलो होतो. आता सोसणं बंद केलं. जबड्यातला स्क्रू ढिला झालाच होता, तो मी सोडून दिला.

आधी नुसती गुणगुण झाली. मग कड् कड् कड् असा आवाज. मग जळका, खवखवणारा वास सुटला, आणि माझ्या झाकणाच्या फटीतून काळा धूर निघून सरळ त्या हिरव्या पानांच्या भिंतीकडे गेला. पाहुणे खुर्च्यांवरून उठले. कुणाच्या तरी हातातली बशी पडली.

पुतणेरावांना काही सुचेना. सवयीने तोंडातून तेच निघालं, आणि तेही केवढ्या मोठ्याने, सगळ्यांच्या देखत!

“आत्या! भट्टी बंद कर आधी! आत्या, तुझी भट्टी!”

सगळे त्यांच्याकडे वळले. मग फाटकाकडून आवाज आला.

“कुठली भट्टी रे?” आत्या म्हणाली. “ती ही काय, रस्त्यावर हातगाडीवर बसलीये. ये, बघून जा. तिची वायर आणून तुझ्या हातात देऊ का?”

भंगारवाला फसकन हसला. मोठे साहेब दारापर्यंत आले, त्यांनी हातगाडीवरच्या भट्टीकडे पाहिलं, तिच्या लोंबणाऱ्या वायरीकडे पाहिलं, आणि मग पुतणेरावांकडे पाहिलं. अहाहा! मित्रांनो, तो चेहरा तुम्ही बघायला हवा होता. लाल, मग पांढरा, मग कुठलाच रंग नाही.

पण धूर वाढत होता, आणि कुणी पुढे होईना. आत्याच आली. माती लाटायचं लाकडी लाटणं तिच्या हातात होतं, भट्टीबरोबर जाऊ नये म्हणून तिने ते काढून घेतलं होतं. ते तिने माझ्या दांड्यावर टेकवलं आणि जोर लावून खाली ओढलं. खट्ट! शेवटची आरोळी मी अशी ठोकली की फाटकापर्यंत ऐकू गेली असेल. एसी थांबले, ओव्हन थांबला, गाडीचा दिवा विझला. त्या शांततेत सूनबाईंचा आवाज आला, रडवेला.

“चूक आत्यांची नव्हती हो. एकदाही नव्हती. ओव्हन मीच लावायची. रोज. आणि यांचा गीझर. आत्या बिचाऱ्या सांगून सांगून दमायच्या.”

“चार्जरला घरातला भार कळवणारी तार असते ना?” मोठ्या साहेबांनी विचारलं. “आमच्याकडे तर आहे. ती नाही टाकली?”

“टाकणार होतो सर,” पुतणेराव पुटपुटले. “म्हणजे... ती भिंत...”

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. हिरव्या पानांवर माझा काळा पट्टा वरपर्यंत चढला होता. साहेबांनी जास्त काही विचारलं नाही. पाहुणे पिशव्या उचलून निघाले, आणि ऑफिसचं काम दुसऱ्याच कुणाकडे गेलं, हे मी त्याच रात्री पुतणेरावांच्या फोनवरच्या बोलण्यातून ऐकलं. पुन्हा पुन्हा ऐकलं. कंटाळा आला नाही.

“आत्या,” पाहुणे गेल्यावर पुतणेराव म्हणाले.

“आधी माझी भट्टी आत आण,” आत्या म्हणाली. “मग बोल काय बोलायचंय ते.” भंगारवाला कुरकुरला, की एवढी वजनदार भट्टी उचलली ती काय पुन्हा आत ठेवायला? आत्याने त्याला सांगितलं, “उद्या ये. तुला दुसरं लोखंड देते.”

दुसऱ्या दिवशी झटपट आला. खाली मान घालून आला, हे सांगायलाच हवं. त्याने मला उतरवलं, माझ्या जागी नवीन बोर्ड बसवला आणि माळ्यावरचं खोकं खाली काढलं. मी पायरीवर पडून बघत होतो. मेनच्या वायरीवर कडं बसलं, आणि तिथून ती तार दिवाणखान्याच्या भिंतीवरून, अगदी हिरव्या पानांवरून, मागच्या भिंतीपर्यंत गेली. एकेक खिळा बसत होता आणि पुतणेराव प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होते. मला वाटलं, अजून थोडे खिळे लागावेत.

“वरून हिरवा रंग देऊन टाकू का हो आत्या?” सूनबाईंनी विचारलं. “पानांत मिसळून जाईल, दिसणार नाही.”

“नको गं. राहू दे तशीच,” आत्या म्हणाली. “इतके दिवस तिचं काम मी केलंय. मला रोज बघायचीये ती.”

रंगाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. आत्या मागे गेली आणि निळी झिलई कालवायला बसली, कारण दुकानवालीला जहाजं हवी होती. आता गाडी लागलेली असो वा नसो, भट्टी हवी तेव्हा लावता येणार होती, चार्जरला स्वतःच माघार घ्यावी लागणार होती.

हातगाडी आली तेव्हा आत्याने पुतणेरावांना हाक मारली. ते ऑफिसला निघाले होते, पांढरा शर्ट, कडक इस्त्री. “हा मेन स्विच हातगाडीवर ठेवून ये.” ते म्हणाले, “भंगारवाला नेईल ना.” आत्याने हातगाडीकडे बोट दाखवलं. मग त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं. मी जड आहे, पोटाशी धरल्याशिवाय उचलला जात नाही. माझ्या अंगावरची सगळी काजळी मी त्यांच्या छातीवर दिली, अगदी राजीखुशीने. वरून खालपर्यंत. ते दुसरा शर्ट घालायला आत गेले, आणि मी हातगाडीवर चढलो.

आता मी भंगाराच्या ढिगात आहे. माझ्या शेजारी एक मिक्सर आहे, तो दिवसभर रडतो. मी रडत नाही. मी तुमच्याशी बोलतो. मित्रांनो, तुमच्याही घरी दाराआड माझा एखादा भाऊबंद असेल. आज जाऊन त्याच्याकडे बघा. त्याच्यातून वास येत असेल, तो गुणगुणत असेल, तर वायरमनला बोलवा, घरातल्या म्हातारीवर ओरडू नका. जाड वायर घालून त्याचं तोंड बांधू नका. आणि जिथे तार टाकायला हवी, तिथे तारच टाका, माणूस टाकू नका. भिंतीचं काय, ती पुन्हा रंगवता येते.

नाही ऐकलंत तरी माझी हरकत नाही. आमच्या जातीला सोसायची सवय आहे, आणि घाई अजिबात नसते. तुमच्याकडे पाहुणे कधी येणार आहेत, तेवढं मात्र आम्हाला बरोबर कळतं.